मांजराने सुई-दोरा गिळला तर?

या सदरात एरवी गाईचा कासदाह, शेळ्यांचा आंत्रविषार किंवा कोंबड्यांची मानमोडी यांविषयी लिहिले जाते. मांजराला आजवर येथे जागा मिळालेली नाही. 'मांजर काय, नऊ जन्म घेऊन आलेले, त्याला कसले औषध' असे म्हणणारे वाचकही पुष्कळ आहेत. पण संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत आमच्याकडे मांजरे येतात ती बहुतेक एकाच कारणाने. त्यातली काही वाचतात आणि काही केवळ उशिरा आणल्यामुळे जातात. म्हणून आजचा लेख मांजरासाठी.

यंदाचेच उदाहरण सांगतो. एका घरी नातवाच्या बोरन्हाणाची तयारी चालली होती. आजी हलव्याचे दागिने ओवत बसल्या होत्या. कोणी हाक मारली म्हणून ओवण्याची सुई दोऱ्यासकट ताटात ठेवून त्या उठल्या. परत येऊन पाहतात तर हलवा जागच्या जागी, सुई मात्र नाही. चटई झटकली, पदर झटकला, पलंगाखाली पाहिले. सहावीत शिकणारी नात म्हणाली, "आजी, मनीने खाल्ली असेल." आजी म्हणाल्या, "अगं, सुई काय कोणी खातं का?" पोरगी हुशार. ती म्हणाली, "सुई नाही गं, दोरा. दोऱ्याच्या मागोमाग सुई गेली." रात्री नऊ वाजता मनीला भाजीच्या पिशवीत घालून तिने वडिलांना माझ्या दारात उभे केले. येताना दोऱ्याचे रीळ आणि त्याच पाकिटातली दुसरी सुईही घेऊन आली होती. पंचवीस वर्षांच्या व्यवसायात इतकी नेमकी माहिती मला मोठ्या माणसांनीही क्वचितच दिली असेल.

मुलीचा तर्क शंभर टक्के बरोबर होता. मांजराला गोडाची चव कळतच नाही. गोडी ओळखणारी यंत्रणा त्याच्या जिभेत काम करीत नाही, त्यामुळे हलव्याच्या मोहाने ते ताटाकडे गेलेले नसते. त्याला ओढ असते ती हलणाऱ्या, वळवळणाऱ्या वस्तूची. पंख्याच्या वाऱ्याने हलणारा दोरा त्याला उंदराच्या शेपटासारखा वाटतो. एकदा टोक तोंडात गेले की पुढचे त्याच्या हातात राहत नाही. मांजराने हात चाटला की खरखरीत लागते, हे आपण अनुभवलेले असते. त्या जिभेवर बारीक, कडक काटे असतात आणि सगळ्यांची टोके घशाकडे वळलेली असतात. शिकारीच्या हाडावरचे मांस खरवडण्यासाठी आणि अंगावरचे केस विंचरण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. पण दोरा त्यात अडकला की बाहेर थुंकता येत नाही. जीभ हलेल तसा तो आतच सरकतो. कुत्रा वस्तू गिळतो ती बहुधा हावरटपणाने. मांजराचे तसे नसते. ते खेळता खेळता गिळते.

दोरा गोटीपेक्षा वाईट का?

लोकांना भीती वाटते ती सुईची. ती रास्तच आहे, पण माझा अनुभव असा की पोटातला दोरा पुष्कळदा सुईहून घातक ठरतो. एखादा गुळगुळीत मणी किंवा हरभऱ्याएवढा खडा गिळला तर तो दोन-तीन दिवसांत शौचावाटे पडून जाण्याची शक्यता असते. मोठी वस्तू असेल तर ती आतड्यात बुचासारखी बसते आणि रस्ता बंद होतो. दोऱ्याचे काम निराळे.

दोऱ्याचे एक टोक कोठेतरी अडकते. मांजरात ही जागा बहुतेक वेळा जिभेच्या मुळाशी, खालच्या बाजूला असते. जिभेखाली दोऱ्याचा फेरा बसतो. नाहीतर जठराच्या तोंडाशी दोऱ्याचा गुंता अडकून राहतो. उरलेला दोरा पुढे आतड्यात जातो. आतडे आपल्या सवयीने लाटा काढून त्याला पुढे ढकलू पाहते. दोरा तर वर बांधलेला, तो पुढे जाणार कसा? मग आतडेच दोऱ्यावर चढत जाते. लेंग्याचा नाडा ओढला की नेफ्याला जशा चुण्या पडतात, तशा आतड्याला पडतात. मांजराचे लहान आतडे जेमतेम मीटर-दीड मीटर लांब, भिंत पातळ. ताणलेला दोरा त्या चुण्यांच्या आतल्या कडेला करवतीसारखा घासत राहतो. एक-दोन दिवसांत बारीक छिद्रे पडू लागतात, आतली घाण पोटाच्या पोकळीत उतरते आणि पोटाच्या अस्तराला सूज येते. त्यानंतर कितीही चांगला शल्यचिकित्सक असला तरी हात टेकायची वेळ येऊ शकते.

गाई-म्हशी खिळे, तारा, प्लास्टिकच्या पिशव्या गिळतात आणि काही वेळा महिनोन्‌महिने तशाच हिंडतात, हे आपल्या शेतकरी बांधवांना ठाऊक आहे. तिच्या पोटात चार कोठ्या आहेत आणि तार बहुधा जाळीसारख्या दुसऱ्या कोठीत पडून राहते. त्यावरून मांजराचा हिशेब करू नये. तीन-चार किलोच्या जिवाला तेवढी मुदत नसते.

ओळखायचे कसे?

गिळताना कोणी पाहिले असेल तर प्रश्नच नाही. बहुतेक वेळा पाहिलेले नसते. मांजर उलट्या करू लागते, आधी अन्नाच्या, मग नुसत्या पिवळ्या पाण्याच्या. खाणे सोडते. नेहमीची जागा सोडून पलंगाखाली, धान्याच्या कोठीमागे जाऊन बसते. पाठीला कुबड काढून, पाय पोटाखाली घेऊन बसते. उचलायला गेले की ओरडते किंवा ओचकारते. शौच होत नाही, किंवा थोडेसे आव-रक्त पडते. घशात काही टोचत असेल तर लाळ गळते, पंजाने तोंड पुसल्यासारखे करते, वारंवार आवंढा गिळते.

येथे केसांच्या गोळ्याचा घोटाळा होतो. मांजर अंग चाटते, केस पोटात जातात आणि कधीतरी ते लांबट, ओला गोळा ओकून टाकते. हे साधारण आहे. ओकून झाल्यावर ते शेपूट वर करून दूध मागायला येते. उलटीनंतर जे मांजर कोपऱ्यात जाऊन बसते, दिवसात दोन-तीनदा ओकते आणि माशाच्या वासालाही उठत नाही, त्याला केसांचा गोळा म्हणून सोडू नये.

हे लिहिताना माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वी येवल्याकडच्या एका पैठणी विणणाऱ्या घरातून फोन आला. त्यांच्या तिरंगी मांजरीने सकाळपासून तीनदा ओकले होते. माझ्यासमोर म्हशीचे अडलेले बाळंतपण चालू होते. मी न पाहताच म्हणालो, केसांचा गोळा असेल, दोन दिवस वाट पाहा. मांजर हातमागाखाली राहते, घरात रेशमाच्या कांड्या पडलेल्या असतात, हे मला विचारायचे सुचले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या शेपटाखाली रेशमाचा धागा लोंबताना दिसला. घरातल्या थोरल्याने, चांगल्याच हेतूने, तो ओढला. वीतभर आला, मग मांजर किंचाळले आणि धागा तुटला. माझ्याकडे आणले तेव्हा अंग थंड पडले होते. पोट उघडले तर आतड्याला चार ठिकाणी भोके होती. ती मांजरी टेबलावरच गेली. तेव्हापासून उलटी करणारे मांजर आले की मी आधी त्याच्या जिभेखाली पाहतो, आणि फोनवर 'वाट पाहा' म्हणत नाही.

काय करू नये

पहिली गोष्ट तीच. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा दिसत असेल तर ओढू नये, एक बोटभरसुद्धा नाही. दुसरे टोक कोठे अडकले आहे ते आपल्याला दिसत नाही आणि ओढलेला प्रत्येक इंच आतड्याला चिरत येतो. तोंडातला दोरा कापूही नये, डॉक्टरांना त्या टोकाचा उपयोग होतो. मागून लांब दोरा लोंबत असेल आणि पायात अडकत असेल तर चार बोटे ठेवून बाकीचा कात्रीने कापावा, म्हणजे मांजर पुन्हा तो चाटून गिळणार नाही.

दुसरे, घरी उलटी काढू नये. मिठाचे पाणी, मोहरीचे पाणी पाजण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मांजराच्या छोट्या शरीरात त्या मिठाने रक्तातील क्षार एकदम वाढतात आणि झटके येऊ शकतात. जखमेवर लावायचा हायड्रोजन पेरॉक्साइड पाजल्यास मांजराच्या जठराला रक्तस्राव होईल इतकी सूज येते. शिवाय सुई खाली जाताना टोचली नसेल तर वर येताना टोचते. उलटी काढणे योग्य असेल तेव्हा डॉक्टर त्यासाठी इंजेक्शन देतात, पण कोणत्या वस्तूसाठी द्यायचे हे त्यांनी ठरवायचे.

तेल, तूप किंवा एरंडेल पाजून 'वस्तू सटकवण्याचा' प्रयत्नही नको. धडपडणाऱ्या मांजराच्या घशात तेल ओतले की ते फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. दूध पाजू नये, खायलाही घालू नये. गुंगी द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे.

आणि वेदना होतात म्हणून माणसाची गोळी मुळीच देऊ नये. तापावर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ती पचवून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजते, श्वास लागतो. पोटातल्या दोऱ्यातून वाचलेले मांजर गोळीने जावे, याला काय म्हणावे?

काय करावे

मांजराला एका खोलीत बंद करा. बाहेर सोडले तर ते लपते आणि सापडेपर्यंत दिवस जातो. जे गिळले त्यातले उरलेले, म्हणजे तेच रीळ, तसलीच सुई, खेळण्याचा मोडका भाग, बरोबर घ्या. किती वाजता गिळले, किती लांबीचे, शेवटचे कधी खाल्ले, शौच कधी झाली, हे कागदावर लिहून ठेवा. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेले खोके घ्या, त्यात जुने टॉवेल घाला. फोन करून पशुवैद्यकाकडे निघा. मांजर बरे दिसत असले तरी निघा. सुरुवातीचे काही तास ते अगदी ठणठणीत वाटते, आणि खरे तर तेच तास मोलाचे असतात.

घशात वस्तू अडकून श्वासच बंद होत असेल, म्हणजे मांजर तोंड उघडे टाकून धडपडत असेल, हिरड्या निळ्या पडत असतील, तर मात्र थांबायला वेळ नसतो. एकाने त्याला टॉवेलात गुंडाळून धरावे, दुसऱ्याने तोंड उघडून उजेडात पाहावे. वस्तू समोर दिसत असेल आणि चिमट्यात नीट येत असेल तर काढावी. आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू आणखी आत जाते. दिसत नसेल तर मागचे पाय वर उचलून डोके काही क्षण खाली करावे आणि दोन्ही तळव्यांनी छातीच्या बाजूंना चार-पाच जलद दाब द्यावेत. निघाले तरी डॉक्टरांना दाखवावे.

माशाचा काटा किंवा कोंबडीचे शिजवलेले हाड टाळूला आडवे अडकले तरी मांजर असेच तोंड ओरबाडते. पण येथे एक इशारा. लाळ गळणे आणि जबडा न मिटणे ही पिसाळल्याचीही लक्षणे आहेत. लस न टोचलेल्या, गावभर हिंडणाऱ्या मांजराच्या तोंडात उघड्या हाताने काटा शोधू नका. चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस व धनुर्वाताचे इंजेक्शन याविषयी विचारा. मांजराचे दात सुईसारखे, त्यामुळे जखम बारीक दिसते, पण जंतू खोल जातात.

दोन वस्तूंसाठी रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. घड्याळ, रिमोट, खेळणी यांतली बटणासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत तिथे भाजून भोक पाडते. आणि खेळण्यांतील लोहचुंबकाचे दोन मणी आतड्याच्या दोन वेगळ्या वळणांतून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत चेचतात.

दवाखान्यात काय होते?

डॉक्टर जबड्याखालून अंगठ्याने जीभ वर उचलून तिच्या मुळाशी पाहतात. मांजर ऐकत नसेल तर थोडी गुंगी देतात. पोट चाचपले की चुण्या पडलेले आतडे हाताला गोळ्यासारखे लागू शकते. क्ष-किरण चित्रात सुई, हाड, नाणे स्पष्ट दिसते, दोरा दिसत नाही. मात्र एका बाजूला गोळा झालेले आतडे आणि त्यात स्वल्पविरामासारखे वायूचे ठिपके दिसले की जाणकार डॉक्टर सावध होतात. सोनोग्राफीत त्या चुण्या आणखी चांगल्या दिसतात. लहान गावांत पशुवैद्यकाकडे क्ष-किरण यंत्र नसते. अशा वेळी माणसांच्या क्ष-किरण केंद्राचे चालक रुग्ण संपल्यावर, दार लावून, मांजराचे चित्र काढून देतात असा माझा अनुभव आहे. विनंती करायला लाजू नये.

मनीची सुई अशीच सापडली. ती घशाच्या मागच्या भिंतीत रुतली होती आणि दोरा खाली जठरापर्यंत गेला होता. गिळून तीनच तास झाले होते. गुंगी देऊन सुई काढली. दोरा सैल आला म्हणूनच काढता आला. किंचितही ताण जाणवला असता तर तिथेच थांबून पोट उघडावे लागले असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मनी घरी गेली.

सगळ्यांचे एवढ्यावर भागत नाही. फेरा जिभेखाली नुकताच सापडला असेल आणि मांजर तरतरीत असेल तर काही वेळा डॉक्टर फक्त तो कापतात आणि दाखल करून घेऊन दोरा आपोआप बाहेर पडतो का ते पाहतात. नाहीतर शस्त्रक्रिया. जठराला एक आणि आतड्याला गरजेप्रमाणे दोन-तीन छोटे छेद देऊन दोरा तुकड्या-तुकड्यांनी काढतात. आतड्याचा भाग काळा पडला असेल तर तो कापून टोके जोडावी लागतात. वस्तू जठरातच असेल तर मोठ्या शहरांत दुर्बिणीने, पोट न उघडताही काढता येते.

आपल्या जिल्ह्यात अडचण अशी की तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात मांजराच्या पोटाची शस्त्रक्रिया होत नाही. तेथे सलाईन लावून, तपासून पुढे पाठवता येते. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा नाशिकमधील खासगी पशुवैद्यकांकडे आधी फोन करून विचारावे, मग गाडी काढावी. येवल्याहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. रिकामी खेप पडली तर तेवढाच वेळ आतडे चिरत राहते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकाच आवारात आहेत. पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांना शिरवळचे महाविद्यालय जवळ पडेल.

शस्त्रक्रियेनंतर मालकांना एक गैरसमज होतो. दुसऱ्या दिवशी मांजर डोळे उघडून खाऊ लागले की संकट टळले असे वाटते. आतड्याचे टाके सुटण्याचा धोका तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वांत जास्त असतो. त्या दिवसांत पुन्हा उलटी, ताप, सुस्ती दिसली तर लगेच परत न्यावे. उकडलेली, बिनहाडाची कोंबडी किंवा मासा थोडा थोडा, दिवसातून चार-पाच वेळा द्यावा. उपाशी ठेवणे बरे नव्हे. विशेषतः लठ्ठ मांजर तीन-चार दिवस खाल्ल्यावाचून राहिले तर यकृतात चरबी साठून नवेच दुखणे उभे राहते. बाहेरचे टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोवर ते चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी पट्टी घालतात. मी ती क्ष-किरणाच्या जुन्या फिल्मची करून देतो. मांजर दोन दिवस भिंतींना धडकते, मग सरावते.

घरात पाहण्यासारखे

दुधाच्या पिशवीचे रबर, केसांना बांधायचे रबर, गजऱ्याचा वाळलेला दोरा, राखी, मिठाईच्या खोक्याची फीत, विणकामाची लोकर, दिवाळीच्या झिरमिळ्या आणि मांस बांधून आणलेला सुतळीचा तुकडा. माझ्या टेबलावर जे जे निघाले त्याची ही यादी. शेवटच्याला तर मांसाचा वासही असतो, तो कचऱ्याच्या उघड्या बादलीत टाकू नये.

आणि मांजा. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी झाडांवर, तारांवर आणि गच्चीच्या कोपऱ्यांत तो अजून सापडतो. तो कुजत नाही, पोटातही विरत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवल्याच्या गच्च्या भरलेल्या असतात. चौथ्या दिवशी मुलांना काठी आणि पोते देऊन गच्चीवर पाठवावे आणि मांजाचे तुकडे गोळा करून घ्यावेत. दोन बोटांएवढाही तुकडा ठेवू नये, कारण मांजराला तेवढाच पुरतो.

(पुढील आठवड्यात : लाळ्या-खुरकुताची लस केव्हा टोचावी?)